डिप्थेरिया, दप्तर आणि घटसर्प : एका रोगनामाचा इतिहास

घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. ही तीन नावे याच क्रमाने मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या जिभेवर असतात. त्रिगुणी लस कोणत्या तीन रोगांपासून संरक्षण देते, या प्रश्नाचे ते ठरलेले उत्तर आहे. यांतील धनुर्वात डोळ्यांसमोर उभा राहतो : शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. डांग्या खोकला कानांना ऐकू येतो. घटसर्प मात्र बहुतेकांनी पाहिलेला नसतो, आणि त्याच्या नावाचा अर्थही सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे आंतरराष्ट्रीय नाव डिप्थेरिया. त्या नावाचा अर्थ विचारू लागले की ग्रीस, इराण, फ्रान्स, पुणे आणि दिल्ली असा प्रवास घडतो, आणि वाटेत एक अत्यंत ओळखीचा मराठी शब्द भेटतो.

कातडे

ग्रीक भाषेत ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. मेंढपाळ अंगावर घेत ते कातडे, आणि ज्यावर लिहीत तेही कातडे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील इतिहासकार हेरोडोटस आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात सांगतो की, आयोनियातील ग्रीक लोक पपायरसच्या गुंडाळ्यांनाही ‘कातडी’च म्हणत, कारण पूर्वी पपायरस दुर्मीळ असताना ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत असत. लेखनाचे साधन बदलले, तरी नाव जुनेच राहिले. ग्रीकांत एक म्हणही होती : देवराज झ्यूस आपली कातडी तपासतो, उशिरा का होईना. झ्यूस माणसांची कृत्ये कातड्यांवर टिपून ठेवतो, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे हेच काम चित्रगुप्ताकडे आहे.

‘डिफ्थेरा’ हा शब्द लेखनाच्या अर्थाने पूर्वेकडे निघाला. पश्चिम आशियातील भाषांतून तो फारसीत आणि अरबीत स्थिरावला, आणि तेथे त्याचे रूप झाले ‘दफ्तर’. अर्थ आधी नोंदवही, मग नोंदवह्यांचा संग्रह, आणि शेवटी त्या जेथे ठेवतात ती कचेरी. तुर्कांनी त्याचे ‘देफ्तेर’ केले. उस्मानी साम्राज्यात खजिन्याचा हिशेब ठेवणारा अधिकारी ‘देफ्तेरदार’ होता. तुर्कांकडून हाच शब्द ग्रीकांकडे परत गेला आणि आजच्या ग्रीकमध्ये हिशेबाच्या वहीला ‘तेफ्तेरी’ म्हणतात. घरातून बाहेर पडलेला शब्द दोन हजार वर्षांनी वेष पालटून घरी आला, आणि घरच्यांनी त्याला परका पाहुणा म्हणून ठेवून घेतले.

मराठीत तो ‘दप्तर’ झाला. पेशवे दप्तर, दप्तरदार, दप्तरी हे आडनाव, दप्तरी दाखल होणे, आणि अर्थातच दप्तरदिरंगाई. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. कागद, कागदांचा संग्रह आणि संग्रहाचे बासन हे तिन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात सामावून घेतले, आणि त्या बासनावरून मुलांच्या पाटीपुस्तकांची पिशवीही दप्तर झाली.

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर या दोन अर्थांची रोज गाठ पडते. या रस्त्याचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या या रस्त्यावर दुतर्फा कचेऱ्या आहेत, आणि याच रस्त्यावर नवे महाराष्ट्र सदनही आहे. सदनाच्या बाहेर पाऊल टाकले की ‘दफ्तर’ म्हणजे ऑफिस. आत मराठी कुटुंबातील मुलाला ‘दप्तर कुठे ठेवलेस?’ असे विचारले, तर तो पाठीवरची पिशवी दाखवील. दोघांचा शब्द एकच आहे, आणि त्या शब्दाचे मूळ तेच कातडे आहे, ज्याच्यावरून घशाच्या एका संसर्गजन्य रोगाला नाव मिळाले.

उच्चाराचीही एक गंमत येथेच नोंदवावी. ग्रीक शब्दात ‘फ’ आणि ‘थ’ हे दोन महाप्राण शेजारी शेजारी आहेत. ‘दफ्तर’मधील जोडाक्षराचे मराठीने ‘प्त’ केले, जसा ‘हफ्ता’चा ‘हप्ता’ झाला. डिफ्थेरियाचेही तसेच ‘डिप्थेरिया’ झाले. शतकांच्या अंतराने, एक फारसीकडून आणि एक युरोपकडून, असे दोन भाऊ मराठीत आले, आणि मराठी जिभेने दोघांनाही एकाच रीतीने वळवले.

नाव म्हणजे एक सिद्धान्त

आता रोगाकडे वळू. हा रोग नवा नाही. कॅपाडोशियाचा वैद्य अरेटियस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच घशातील पांढुरक्या, पसरत जाणाऱ्या आणि श्वास कोंडणाऱ्या व्रणांचे वर्णन केले आहे. हे व्रण त्या काळी ईजिप्त आणि सीरिया या देशांच्या नावांनी ओळखले जात. स्पेनमध्ये १६१३ हे साल ‘गारोतिल्योंचे वर्ष’ म्हणून लक्षात राहिले. ‘गारोते’ म्हणजे गळा आवळून देहदंड देण्याचे साधन. मुलांचा गळा तसाच आवळला जातो, म्हणून रोगाचे हे नाव. एडिंबराच्या फ्रान्सिस होम याने १७६५ मध्ये ‘क्रूप’ या लोकबोलीतील नावाने घोगरा आवाज आणि श्वासरोध यांचे वर्णन केले. याशिवाय कुजका घसा, दुष्ट घसा अशी अनेक नावे होती. घशात दिसणारे काळपट-राखाडी थर आणि त्यांची दुर्गंधी पाहून वैद्यांना वाटे की घसा कुजत आहे. क्रूप वेगळा, कुजका घसा वेगळा, अशीच समजूत होती.

१८१८ मध्ये फ्रान्समधील तूर या शहरात साथ आली. तेथील वैद्य पिएर ब्रेतोनो याने रुग्ण पाहिले आणि मृतांची शवविच्छेदनेही केली. त्याला आढळले की घसा कुजलेला नाही. श्लेष्मल त्वचेवर एक चिवट पापुद्रा बसला आहे. तो ओढून काढला तर खालून रक्त येते, पण खालचे मांस सडलेले नसते. तोच पापुद्रा टाळ्यापासून श्वासनलिकेपर्यंत अखंड पसरलेला त्याने पाहिला. मग ‘कुजका घसा’ आणि ‘क्रूप’ हे दोन रोग कसे? पापुद्रा वर असला तर एक नाव आणि खाली सरकला तर दुसरे नाव, एवढाच तो फरक होता. १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने या एका रोगाला एक नाव दिले : ‘दिफ्तेरीत’. कातड्यासारख्या थराचा दाह.

हे नामकरण केवळ वर्णन नव्हते. तो एक सिद्धान्त होता. ब्रेतोनोचे म्हणणे असे की प्रत्येक रोगाचे स्वतःचे विशिष्ट कारण असते, जसे प्रत्येक वनस्पतीचे स्वतःचे बीज असते. लुई पाश्चरचा जन्म १८२२चा. म्हणजे ब्रेतोनो हे लिहीत होता तेव्हा जंतुवादाचा भावी प्रवर्तक चार वर्षांचा होता. ‘हे एकच आहे’ असे सांगणारे नाव आधी आले, आणि ‘हे एक’ म्हणजे नेमके काय याचा शोध पुढे साठ वर्षांनी लागला. विज्ञानात असे पुष्कळदा घडते. वर्गीकरण नीट झाले की कारणाचा शोध सोपा होतो, कारण काय शोधायचे हे ठरलेले असते.

ब्रेतोनो नाव देऊन थांबला नाही. पापुद्र्याने श्वास कोंडतो, तर अडथळ्याच्या खाली श्वासनलिकेला छेद देऊन वाट करावी, असे त्याने ठरवले. आधीचे प्रयत्न फसले. १८२५ मध्ये मात्र एका लहान मुलीचा प्राण या शस्त्रक्रियेने वाचला. त्याचा शिष्य आर्मां त्रूसो याने ही शस्त्रक्रिया पुढे रूढ केली. पुढे १८५०च्या दशकात या गुरुशिष्यांच्या परंपरेतच ‘दिफ्तेरीत’चे ‘दिफ्तेरी’ झाले. मूळ प्रत्यय दाहाचा वाचक होता. नवे रूप केवळ रोग सुचवते. दाह हे रोगाचे सर्वस्व नाही, संपूर्ण शरीरच ग्रासले जाते, ही जाणीव त्या एका प्रत्ययाच्या बदलात आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सच्या बुलोन बंदराकडून साथ आली, तेव्हा लोकांनी तिला आधी ‘बुलोनचा घसा’ म्हटले; १८५७च्या सुमारास ‘डिप्थेरिया’ हे रूप इंग्रजीत रुळले, आणि तेथून आपल्याकडे आले.

गळा, अंकुर आणि साप

भारतीय भाषांनी काय केले? चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत कंठरोगांमध्ये ‘रोहिणी’ नावाचा रोग आहे. सुश्रुताने तिचे पाच प्रकार सांगितले असून, गळ्यात मांसाचे अंकुर वाढून ते गळा रोधतात व प्राण घेतात, असे वर्णन केले आहे. रोहिणी हा शब्द ‘रुह्’ म्हणजे रुजणे, वाढणे या धातूपासून येतो. चरकसंहिता सांगते की हा रोग झालेला माणूस फार तर तीन रात्री जगतो. मात्र कुशल वैद्याने त्वरेने उपचार केल्यास तो बरा होतो. वर्णन थरारक रीतीने जुळते. तरीही ‘रोहिणी म्हणजेच डिप्थेरिया’ असे समीकरण मांडू नये. संहिताकारांचे वर्गीकरण दोषांवर आधारलेले होते, जंतूंवर नव्हे. रोहिणीच्या पाच प्रकारांत आजचे अनेक कंठरोग सामावलेले असू शकतात. दोन नावे एकाच अनुभवाकडे बोट दाखवतात, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

हिंदीत हा रोग ‘गलघोंटू’ आहे : गळा घोटणारा. स्पॅनिश ‘गारोतिल्यो’शी त्याचे अर्थाचे नाते सख्ख्या भावाचे आहे, आणि या दोन भाषांनी ते नाते एकमेकींना न विचारता जोडले. मराठीने वेगळी वाट धरली. ‘घटसर्प’ शब्दातील ‘सर्प’ हा ‘सृप्’ म्हणजे सरपटणे या धातूचा आहे. त्वचेवर सरपटत पसरणाऱ्या एका रोगाला आयुर्वेदात ‘विसर्प’ म्हणतात, तोही याच धातूचा. ‘घट’ म्हटल्यावर मडके आठवते. पण मराठी कानाला ‘घाटी’ म्हणजे कंठ हा शब्दही परका नाही. वयात येताना मुलाचा आवाज बदलतो, तेव्हा आपण त्याची घाटी फुटली असे म्हणतो. गळ्यात सरपटणारा, वेटोळे घालून बसणारा, असे चित्र या नावाने उभे राहते. हिंदी नाव रोगाचा शेवट सांगते, ग्रीक नाव त्याचे दृश्य सांगते, आणि मराठी नाव त्याची गती सांगते.

येथे एक व्यावहारिक सावधगिरी आवश्यक आहे. ग्रामीण महाराष्ट्रात ‘घटसर्प’ म्हटले की शेतकऱ्याला आधी गाईम्हशी आठवतात. पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यांतून जनावरांना ‘घटसर्प आणि फऱ्या’ या रोगांच्या लसी टोचतात. जनावरांचा घटसर्प हा वेगळ्याच जंतूचा रोग आहे. त्या जंतूचे नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. जनावराचा गळा सुजतो, श्वास घरघरतो, म्हणून नाव सारखे पडले. मुलाचा घटसर्प गोठ्यातून येत नाही आणि गोठ्यातली लस मुलाच्या कामाची नाही. एकाच नावाखाली दोन रोग नांदणे, ही ब्रेतोनोच्या अडचणीची उलटी बाजू होय. त्याच्यापुढे एका रोगाची अनेक नावे होती. आपल्यापुढे एका नावाचे दोन रोग आहेत.

नावाने न सांगितलेली गोष्ट

कातडे हे नाव डोळ्यांना दिसले त्याचे आहे. पण मुले केवळ श्वास कोंडून मरत नव्हती. घसा मोकळा झाल्यावर, पापुद्रा गळून गेल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी काहींचे हृदय एकाएकी थांबे. काहींच्या टाळूचे, डोळ्यांचे, हातापायांचे स्नायू लुळे पडत. घशातल्या पापुद्र्याचा हृदयाशी संबंध काय?

१८८३ मध्ये एडविन क्लेब्स याने पापुद्र्यात एक दंडाकार जंतू पाहिला. १८८४ मध्ये फ्रीड्रिख लफ्लर याने तो प्रयोगशाळेत वाढवला. टोकाला फुगीर अशा त्याच्या आकारावरून पुढे त्याला ‘कोरिनेबॅक्टेरियम’ हे कुलनाम मिळाले. ग्रीक ‘कोरिने’ म्हणजे गदा. लफ्लरला एक विलक्षण गोष्ट आढळली. जंतू घशातच राहतो, पण इजा दूरच्या अवयवांना होते. म्हणजे जंतू काहीतरी विष सोडत असला पाहिजे. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्सांद्र येर्सँ यांनी जंतूंचे द्रावण इतक्या सूक्ष्म गाळणीतून गाळले की त्यात एकही जंतू उरला नाही. तरीही ते द्रावण टोचलेले प्राणी त्याच लक्षणांनी मेले. विष सिद्ध झाले.

हे विष काम कसे करते, हे विसाव्या शतकाने उलगडले. १९५१ मध्ये व्हिक्टर फ्रीमन याने दाखवले की निरुपद्रवी जंतूला एका विशिष्ट विषाणूची लागण झाली की तो विषारी होतो. विषाचे जनुक जंतूचे स्वतःचे नसून त्या विषाणूने आणलेले असते. हे विष आपल्या पेशीत शिरून प्रथिने बांधणाऱ्या यंत्रणेचा एक आवश्यक घटक निकामी करते. त्या घटकावरील ज्या नेमक्या जागी विष आघात करते, त्या रूपांतरित अमिनो आम्लाला शास्त्रज्ञांनी नाव दिले ‘डिप्थामाइड’. ते आपल्या प्रत्येकाच्या पेशींत आहे. ज्यांना हा रोग कधी झाला नाही आणि होणार नाही, त्यांच्याही. विषाचा एक रेणू पेशीच्या आत पोचला, तर एक पेशी मारण्यास तो पुरेसा असतो, हे १९७८ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. भौतिकशास्त्रात वाढलेल्या माणसाला एवढ्या लहान संख्येचे भय अधिक नेमके कळते. येथे सरासरीचा आधार नाही. एक म्हणजे खरोखर एक.

विषावर उतारा मात्र त्याआधीच मिळाला होता. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले की, विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात विषाचा प्रतिकार करणारे काही असते आणि ते दुसऱ्या प्राण्याला देता येते. रू याने त्यासाठी घोडे वापरले आणि १८९४ मध्ये मोठ्या संख्येने मुलांवर उपचार करून परिणाम मांडले. वैद्यकातील पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये बेहरिंगला मिळाले ते याच कामासाठी. आणि याच पद्धतीचे अनुकरण करून १८९४-९५ मध्ये आल्बेर काल्मेत याने सर्पदंशावरील प्रतिविष तयार केले. कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने ही दोन्ही औषधे घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवली. मराठीने या रोगाला साप म्हटले ते त्याच्या सरपटण्यावरून; त्याचे विष आणि सापाचे विष यांचा उतारा एकाच तबेल्यातून यावा, हा योगायोगच म्हणावा लागेल.

दप्तराचे वय

प्रतिविषाची एक मर्यादा आहे. रक्तात मोकळे फिरणारे विष ते बांधून टाकते. पेशीत शिरलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही. म्हणून तासांना किंमत असते. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गापासून काही किलोमीटर उत्तरेला असलेल्या किंग्जवे कॅम्पच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात, घटसर्पाने वीसहून अधिक मुले दगावली. प्रतिविषाच्या तुटवड्याची बातमी तेव्हा देशभर गाजली. यांतील बहुतेक मुले लस न घेतलेली होती. उपचार १८९४ पासून ठाऊक, लस १९२३ पासून ठाऊक, आणि राजधानीत मुले गेली ती २०१८ मध्ये.

ती लसही विषापासूनच बनते. गास्तों रामों याने १९२३ मध्ये फॉर्मॅलिन आणि ऊब यांनी विषाचा दंश काढून टाकला, पण त्याची ओळख शाबूत ठेवली. भारतात १९७८ च्या लसीकरण कार्यक्रमात त्रिगुणी लस होतीच. १९८५ पासून तो कार्यक्रम सार्वत्रिक झाला. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली सीरम संस्था धनुर्वाताच्या प्रतिविषापासून सुरू झाली, आणि आज तिच्या त्रिगुणी व पंचगुणी लसी जगभर जातात.

मात्र रामोंच्या लसीने दिलेली प्रतिकारशक्ती कालांतराने ओसरते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांतील मात्रा पुष्कळ पालक आठवणीने देतात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानची आणि पाच ते सहा वर्षांची वर्धक मात्रा मागे पडते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पूर्वी केवळ धनुर्वाताची लस मिळे. आता तिच्या जागी धनुर्वात व घटसर्प यांची जोडलस आहे, हे तर अनेकांना ठाऊकच नसते. परिणाम असा की, पूर्वी तान्ह्या मुलांचा मानला जाणारा हा रोग आता भारतात पाच वर्षांवरील मुलांत अधिक आढळतो.

पाच वर्षे म्हणजे पाठीवर दप्तर येण्याचे वय. शब्दांचा इतिहास रोग थांबवत नाही. तो लक्षात राहण्यास मदत करतो. घरातील मुलाच्या दप्तरात पहिली वही ज्या वर्षी जाते, त्याच वर्षी त्याच्या लसीकरणाच्या पत्रिकेवर घटसर्पाची दुसरी वर्धक मात्रा नोंदलेली असली पाहिजे. दप्तर आणि डिप्थेरिया एका कातड्याचे आहेत, एवढे आठवले तरी ती पत्रिका एकदा उघडून पाहण्याचे निमित्त मिळेल.